काळ्या कुर्त्यावरचे ठिपके

शाबानच्या अखेरीस आपाची इद्दत संपली. चार महिने दहा दिवस. एवढे दिवस तिनं तीन सुती कुर्ते आलटूनपालटून घातले. तिन्ही काळे, एकावरही बुट्टी नाही. खरं तर इद्दतीत काळंच घालावं असं कुठे सांगितलेलं नाही. साजशृंगार टाळायचा, एवढंच. काळा रंग आपल्या घरांत रिवाजानं आला आणि ठाण मांडून बसला. रमजान लागला तरी आपा त्याच कुर्त्यांत. पहिल्याच इफ्तारला तिनं सांगून टाकलं, ‘ईदला माझ्यासाठी कपडा आणू नका.’

वाद घालायला जागा नव्हती. ईदला नवेच कपडे हवेत असा हुकूम नाही. न्हाऊन, असतील त्यांतले चांगले, स्वच्छ कपडे घालावेत. भाचीनं नेमका याचाच आधार घेतला. ‘खाला, अम्मीकडे जे आहे तेच चांगलं करू या,’ म्हणाली आणि मोरी धुवायची ब्लीचची बाटली माझ्यासमोर ठेवली.

बांधणी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. कच्छमधल्या खत्रींचं हे पिढीजात काम. बायका नखानं कापडाचा कण उचलतात, दोऱ्यानं आवळून बांधतात आणि मग कापड रंगात जातं. बांधलेल्या जागी रंग पोचत नाही, तिथे ठिपका उरतो. एकाहून जास्त रंग असतील तर फिक्याकडून गडदाकडे जायचं. अजिंठ्याच्या चित्रांतल्या काही वस्त्रांवरही असे ठिपके दिसतात. ब्लीचचं काम याच्या उलट चालतं. कापड आधीच गडद असतं आणि रंग चढवायचा नसतो, उतरवायचा असतो.

आम्ही तरावीहनंतर गच्चीवर बसलो. रोज्याच्या कोरड्या घशाला तो वास सोसवणारा नव्हता, आणि हे काम बंद खोलीत करूही नये. जुम्याची सुट्टी होती, त्यामुळे मालेगावात क्वचित लाभणारी शांतता होती. गल्लीतले लूम बंद होते.

आधी ओढणीवर प्रयोग केला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, ओढणी जशीच्या तशी. पॉलिएस्टर निघाली! ब्लीच सुती कापडावर चालतं. पॉलिएस्टर सहसा दाद देत नाही आणि रेशीम-लोकर तर ब्लीच खाऊनच टाकतं. म्हणून आधी शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून पाहावा. हे आम्हाला नंतर सुचलं.

पहिला कुर्ता घाईनं घालवला. एक वाटी ब्लीचला दोन वाट्या पाणी घ्यायचं ठरलं होतं, पण भाचीनं पाणी घातलंच नाही. वर रंग अजून उतरेल या आशेनं आम्ही तो भिजत ठेवला. पिळताना बाहीला भोक पडलं. काळ्यातून पांढरा निघेल ही अपेक्षाच चुकीची. बहुतेक वेळा विटकरी, गंजासारखा किंवा बदामी रंग निघतो, आणि तो दिसला की थांबायचं.

दुसऱ्या कुर्त्याला आम्ही शिस्तीनं बसलो. गळ्याभोवती आणि बाह्यांच्या टोकांना कापडाखाली एकेक कोरडा हरभरा धरून मागून दोरा करकचून आवळला. हातमोजे घातले आणि गाठीचं फक्त डोकं पातळ ब्लीचमध्ये बुडवलं. पाच-सात मिनिटांत डोकी विटकरी झाली. नुसत्या पाण्यानं धुऊन भागत नाही, ब्लीच धाग्यात राहून कापड खात राहतं. त्यासाठी हायपो लागतो. फोटोवाले वापरायचे तोच, सोडियम थायोसल्फेट. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्याकडे तो क्लोरीन मारायचं औषध म्हणून मिळतो. शेजारणीनं सिरका घालायला सांगितलं होतं. चुकूनही घालू नका! सिरका किंवा संडास धुवायचं अ‍ॅसिड ब्लीचमध्ये पडलं की विषारी वायू सुटतो.

गाठी बांधता बांधता मला उम्मे अतिय्या (रजि.) यांची रिवायत आठवली. इद्दतीतल्या विधवेनं रंगवलेले कपडे घालू नयेत, पण ‘अस्ब’ चालेल, असं तिच्यात येतं. अस्ब म्हणजे यमनचं कापड. त्याचं सूत आधी बांधून रंगवत आणि मग विणत, आपल्या पाटणच्या पटोल्यासारखं. या सवलतीबद्दल इमामांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. माझं लक्ष शब्दाकडे गेलं. अस्ब म्हणजे बांधणं, आवळणं. उर्दूत नसांना आपण ‘आसाब’ म्हणतो, तोही याच धातूतला. वर्गात हे मी अनेकदा शिकवलंय, पण बोटांना दोरा काचत असताना ते पहिल्यांदा कळलं.

सकाळी कुर्ता दोरीवर होता. आपानं तो उतरवला, उलटा करून पाहिला, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. छान म्हणाली नाही. ‘गळ्याला डाव्या बाजूला एक कमी पडलाय,’ एवढंच म्हणाली.

त्या रात्री आम्ही तरावीह आटोपून गच्चीवर आलो तर ती आधीच तिथे बसलेली. मांडीवर तिसरा कुर्ता, बाजूला मूठभर हरभरे. भाचीकडे न बघता तिनं दोऱ्याचं रीळ मागितलं.