हरताना उठायचं कधी?

पगाराच्या दिवशी तीन पत्तीचा डाव बसतो आणि हरणारा म्हणतो, "एवढा डाव काढतो, मग उठतो." जिंकून उठायच्या याच नादात घरचा किराणा जातो.

नाणं उडवलं आणि सलग पाच वेळा काटा पडला, तरी सहाव्या वेळी छाप पडायची शक्यता निम्मीच असते. पत्त्यांनाही आपली हार आठवत नाही. पिसून वाटले की डाव नवा.

हरताना छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. तेव्हा हिशेब सुचत नाही. न बसणंच सगळ्यात बरं. बसणारच असाल, तर उठायचं कधी ते आधीच ठरवा: किती रुपये, किती वाजेपर्यंत. तेवढेच पैसे खिशात ठेवा. संपले की उठा. उसने घेऊ नका.

घरी खोटं बोलणं, गेलेले पैसे काढायला पुन्हा जाणं, पोरांच्या फीचे पैसे लावणं ही जुगाराच्या आजाराची लक्षणं आहेत. जागतिक आरोग्य संघटनाही याला आजार मानते. तायांनो, शिव्या देऊन तो बरा होत नाही. 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. सल्ला मोफत मिळतो, मराठीत बोलता येतं.