भंगार कोणी ठरवावे?

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेत किंवा तालुक्याच्या गावी चार गल्ल्या फिरल्या, तर एखाद्या जिन्याखाली वा पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट पांघरून उभी असलेली जुनी मोटारसायकल दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. जावा, येझदी, राजदूत किंवा बुलेट असे तिचे नाव असते. टायर बसलेले, टाकीला गंज चढलेला, गादी फाटलेली. घरातील कर्त्या माणसाने वीस-पंचवीस वर्षे तिच्यावरून नोकरी केली म्हणून ती भंगारात देववत नाही. आणि दुरुस्तीला किती पैसा लागेल याचा अंदाज नाही म्हणून ती कोपऱ्यातून हलतही नाही. अशा गाड्या घरच्या घरी, बहुधा त्याच पडवीत, स्वतःच्या हाताने खोलून पुन्हा रस्त्यावर आणणारी तरुण मंडळी आता ठिकठिकाणी भेटू लागली आहेत. त्यांच्या या उद्योगाला कोणी छंद म्हणतात, कोणी खूळ. वस्तुतः त्यामागे अर्थशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न आहे. एखादी वस्तू निकामी झाली हे तिच्या वयावरून ठरवावयाचे की अवस्थेवरून? आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा? वापरणाऱ्याचा, बनविणाऱ्याचा की सरकारचा?

टंचाईची अपत्ये

या गाड्या दुरुस्त होऊ शकतात याचे कारण त्या ज्या काळात जन्मल्या त्या काळात शोधावे लागेल. इंग्लंडमधील कंपनीच्या सहकार्याने मद्रास येथे १९५५ मध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली. पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील मूळ कंपनी बंद पडली, तरी मद्रासची बुलेट फारसे रूप न बदलता निघतच राहिली. पोलंडमधील एका आराखड्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत काढली. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियातील जावा येथे बनविण्यास प्रारंभ केला आणि सत्तरच्या दशकात तिलाच येझदी हे नाव मिळाले. परवाना पद्धतीमुळे उत्पादक मोजके, नमुने त्याहून मोजके, आणि एकदा ठरलेला नमुना वर्षानुवर्षे तोच. ग्राहकापुढे निवड नव्हती. स्कूटरसाठी तर नाव नोंदवून काही वर्षे वाट पाहावी लागे.

या टंचाईचे गोडवे गाण्याचे कारण नाही. स्पर्धा नसल्याने ग्राहकाची जी कुचंबणा झाली ती खरीच होती. परंतु त्याच परिस्थितीचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की, गाडी एका पिढीला पुरली पाहिजे, हे बनविणारा आणि घेणारा दोघेही गृहीत धरून चालले. जावाचे २५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन पाहावे. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. हलणारे भाग थोडे. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच. साधी हत्यारे हाताशी असली आणि शिकण्याची तयारी असली, की सामान्य माणसाला ते उघडता येते. १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक गाडी आली आणि कमी पेट्रोलात जास्त अंतर हा ग्राहकाचा निकष झाला. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये बाजारात परत आले. पण ती इंजिने सर्वस्वी निराळी असल्याने त्यांचे भाग जुन्या गाडीला उपयोगी पडत नाहीत.

हिशेबाची वही

अशी गाडी पुन्हा चालती करण्यास काय लागते? पहिले काम हत्याराचे नसून कागदाचे आहे. नोंदणीपुस्तकातील क्रमांक इंजिनाच्या व चासीच्या क्रमांकांशी जुळतात की नाही हे पाहिल्यावाचून एक नटही फिरवू नये. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी चढविण्यासाठी परिवहन कार्यालयात नमुना ३१ भरावा लागतो. कागद नसलेली गाडी कितीही सुरेख दुरुस्त झाली तरी ती अंगणापलीकडे जात नाही.

त्यानंतर यंत्र. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला चिकटलेला असतो. किकवर उभे राहून तो सुटत नाही, मोडतो मात्र. स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल किंवा पातळ तेल सोडून काही दिवस थांबणे हाच त्यावरील उपाय. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीत येऊन तेथे दाबले जाते. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सील कडक होऊन चिरली असतील, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापून पुन्हा जाम होते. वरून चकचकीत रंग दिलेल्या अनेक गाड्या महिन्याभरात बंद पडतात त्या या काही रुपयांच्या रबरापायी. सिलिंडर झिजला असेल तर बोअरिंग करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. टाकीतील गंज काढणे, कार्बुरेटरची सूक्ष्म छिद्रे मोकळी करणे, पॉइंट आणि कंडेन्सर बदलणे, सहा व्होल्टच्या वायरिंगचा जुना वेढा उकलणे ही कामे नंतरची. रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी. नवखे बहुधा नेमके उलट्या क्रमाने जातात.

आता पैशाचा विचार करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, बंद गाडी पंधरा हजारांना पडली, तिच्यावर आणखी साठ हजार लागले आणि चालती झाल्यावर तिला साठ हजार किंमत आली. पंधरा हजारांचा तोटा झाला आणि चार महिन्यांचे रविवार गेले ते वेगळेच. हा सौदा सुरुवातीस कोणी मांडून दाखविला असता तर बहुतेकांनी तो नाकारला असता. परंतु समजा, एव्हाना खरेदीसह चाळीस हजार खर्च झाले आहेत, पस्तीस हजार लागावयाचे आहेत, आणि उघड्या पडलेल्या भागांना बाजारात दहा हजारांपलीकडे कोणी देत नाही. आता काम पुरे करणेच शहाणपणाचे ठरते. कारण पस्तीस हजार घालून साठ हजारांची वस्तू हाती येते, म्हणजे पंचवीस हजार सुटतात, तर सोडून दिल्यास दहाच. झालेला खर्च हा बुडीत. पुढचा निर्णय पुढच्या खर्चावरून आणि पुढच्या लाभावरूनच घ्यावयाचा. वर्गात हा सिद्धांत समजावून देण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात तो अर्धवट खोललेल्या इंजिनासमोर उमजतो.

चालत्या जुन्या गाडीला भाव कमी का येतो, याचेही उत्तर अर्थशास्त्रात आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक वस्तू सदोष असेल असे धरून भाव करतो आणि चांगल्या वस्तूंचे मालक बाजारातून काढता पाय घेतात. या संशोधनाच्या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्वतः गाडी खोलणारा माणूस हे अज्ञान आपल्यापुरते नाहीसे करतो. कोणता भाग नवा आणि कोणता केवळ पुसलेला, हे त्याला प्रत्यक्ष माहीत असते. पंधरा हजारांच्या तोट्याची काही भरपाई या ज्ञानात आहे.

वहीत न येणारी जमा

पण बहुतांश भरपाई वहीत येतच नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने फार पूर्वी एक विसंगती दाखवून दिली होती: एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, की घरातील काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. पडवीतल्या दुरुस्तीचेही तसेच आहे. जुनी गाडी मोडीत काढून नवी घेतली, तर नव्या गाडीचे उत्पादन, कर्जावरील बँकेची सेवा आणि विमा हे सारे राष्ट्रीय उत्पन्नात भर घालतात. तीच गाडी घरी दुरुस्त केली तर सुट्या भागांची आणि बाहेर करून घेतलेल्या कामाची तेवढी नोंद होते. शंभर तासांच्या श्रमाची होत नाही. श्रम मात्र झालेले असतात आणि एक वापरण्याजोगी वस्तूही निर्माण झालेली असते.

शिवाय एक अदृश्य भांडवल तयार होते. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांसाठी दुकाने पालथी घालणारा, बुधवारी वा रविवारी जुन्या बाजारात गंजक्या ढिगातून नेमका हवा तो दांडा ओळखणारा, आणि न मिळणारा भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बनवून घेणारा तरुण एका जिवंत विद्यालयात शिकत असतो. तेथील टर्नर, वेल्डर आणि फिटर यांच्यापैकी कित्येकांचे शिक्षण कोणत्याही प्रमाणपत्रावर नमूद नाही. धातूचा आवाज ऐकून बेअरिंग गेले आहे की नाही हे सांगणारा कान पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. उस्तादाशेजारी बसूनच तो तयार होतो. काम आले नाही तर शिष्य येत नाही, आणि शिष्य आला नाही तर उस्तादाबरोबर विद्याही संपते. बंद पडलेला कारखाना पुन्हा उभारता येतो; तुटलेली गुरुपरंपरा जोडणे त्याहून कितीतरी कठीण असते. या साऱ्यात खरे पणाला लागले आहे ते हे.

वयाचा दंड

या पार्श्वभूमीवर शासनाचे धोरण तपासावे लागते. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीअंती ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते. दुचाकीच्या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क पूर्वी ३०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून १,००० झाले. आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील दुचाकींसाठी ते २,००० करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर निराळा. उलट बाजूस, जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनास ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. तिचे शुल्क २० हजार रुपये, आणि असे वाहन प्रदर्शन, शर्यतवजा फेरी वा दुरुस्ती यांसाठीच बाहेर काढावयाचे, नित्य वापरासाठी नाही.

म्हणजे नियमांच्या दृष्टीने जुनी गाडी एक तर भंगाराच्या वाटेवरची किंवा शोभेची. दुरुस्त होऊन कामावर रुजू झालेल्या गाडीला मार्ग बंद नाही, पण तो वयागणिक महाग होत जातो. यात तर्काची चूक आहे. नूतनीकरणाच्या वेळी वाहनाची तपासणी होतेच. ती प्रामाणिक असेल तर उत्तीर्ण झालेल्या वाहनाला पुन्हा वयाचा दंड का? आणि ती प्रामाणिक नसेल, तर शुल्क वाढवून ती कशी सुधारणार? दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. मात्र २०२५ मध्ये वय की प्रत्यक्ष प्रदूषण हाच वाद पुन्हा त्याच न्यायालयापुढे आला. निव्वळ जन्मतारखेवर आधारलेला नियम राबविण्यास सोपा असतो, म्हणून तो न्याय्य ठरत नाही.

आक्षेप आणि मर्यादा

याविरुद्ध मुख्य आक्षेप धुराचा, आणि तो वजनदार आहे. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्याचा काही भाग न जळताच निसटतो. शिवाय पेट्रोलात मिसळलेले तेलही जळते. उत्तम दुरुस्तीनेही हा दोष पूर्णपणे जात नाही. २००० पूर्वीच्या दुचाकींना धुराच्या चाचणीत सैल मर्यादा आहे, हेही खरे. म्हणून रोज पन्नास किलोमीटर जाण्यासाठी अशी गाडी वापरावी, असे कोणी सुचविणार नाही. परंतु महिन्यातून चार वेळा निघणारी जुनी गाडी आणि दिवसभर धावणारे नवे वाहन यांची तुलना केवळ वयावरून करता येत नाही. एकूण धूर हा दर किलोमीटरचा धूर गुणिले किलोमीटर असतो. नवी गाडी बनविताना लागणारे पोलाद आणि वीज यांचाही हिशेब त्यात धरला पाहिजे.

दुसरा धोका आतला आहे. जुन्या गाड्यांची हौस श्रीमंतांपर्यंत पोहोचली, की दुरुस्तीचे रूपांतर सजावटीत होते. मग गाडी चालते की नाही यापेक्षा क्रोम किती चमकते याला महत्त्व येते, सुट्या भागांचे भाव चढतात, आणि ज्याच्या घरात वडिलांची गाडी पडून आहे त्या कारकुनाच्या मुलाला तेच भाग परवडेनासे होतात. दुरुस्तीची संस्कृती आणि संग्रहाची हौस यांत हा भेद केलाच पाहिजे.

काय करता येईल? शुल्क वयाऐवजी तपासणीच्या निकालाशी आणि वार्षिक किलोमीटरशी जोडावे. धुराची चाचणी कडक करावी, पण ती उत्तीर्ण होणाऱ्यास मोकळे सोडावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला आणि त्यात वाहन उद्योगाचाही समावेश केला. त्याचा पुढचा टप्पा म्हणून, उत्पादन थांबविलेल्या वाहनांचे आराखडे आणि मापे ठरावीक मुदतीनंतर लहान कारखानदारांना खुली करण्याचे बंधन कंपन्यांवर घालता येईल. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी भंगारातील एक इंजिन प्रत्येक तुकडीला द्यावे आणि शेजारच्या कार्यशाळेतील वयस्क कारागिराला मानधन देऊन शिकविण्यास बोलवावे. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा निधी लागत नाही.

एखादी वस्तू टाकून देण्याचा निर्णय कित्येकदा योग्य असतो. प्रत्येक गंजलेली गाडी वाचविण्याजोगी नसते. परंतु तो निर्णय तिला उघडून, तपासून, हिशेब मांडून झालेला असावा. कॅलेंडर पाहून भंगार ठरविणारा समाज हळूहळू तपासण्याची विद्याच गमावून बसतो, आणि मग नव्या वस्तूंच्या बाबतीतही त्याला विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते.