हौशी शर्यतपथचालन आणि ब्रेकमधील उष्णता

शर्यतीसाठी बांधलेला मार्ग ठराविक दिवशी शुल्क घेऊन हौशी चालकांना खुला करावयाचा, आणि त्यांनी आपली नित्य वापरातील मोटारच तेथे मनसोक्त वेगाने चालवावयाची, ही प्रथा युरोपात जुनी आहे. जर्मनीतील न्युरबुर्गरिंगचा वीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा उत्तर वळसा १९२७ पासून सामान्य वाहनचालकांनाही खुला होत आला आहे. आपल्याकडे चेन्नईनजीकच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील, कोइमतूरच्या आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथे सुरू झालेल्या मार्गावर असे ‘ट्रॅक डे’ योजिले गेले आहेत. अशा दिवसाची तयारी करणारा विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतो : गाडीचे ब्रेक बदलून मोठे घ्यावेत काय? प्रश्न खर्चाचा दिसतो. वस्तुतः तो उष्णताशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर पदवीच्या पहिल्या वर्षाच्या गणिताने बऱ्याच अंशी देता येते.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या ब्रेकमुळे गाडी कमी अंतरात थांबते, असे पुष्कळजण समजतात. गाडी थांबविणारे बल हे अखेर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून येते. ब्रेकचे काम ते बल मागण्यापुरतेच असते. मूळचे ब्रेक थंड असताना पेडल जोराने दाबल्यास जर चाके जाम होत असतील, किंवा जाम होण्याच्या बेतात आल्याने एबीएस यंत्रणा कार्य करू लागत असेल, तर त्या ब्रेकनी टायरची सारी मर्यादा वापरली, असाच त्याचा अर्थ होतो. याहून मोठी तबकडी वा अधिक पिस्टनांचा कॅलिपर बसविल्याने त्या एका थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. ते कमी करावयाचे तर पैसा टायरवर खर्च केला पाहिजे. आजची बहुतेक सर्व सुस्थितीतील वाहने ही कसोटी सहज उत्तीर्ण होतात. तेव्हा विचार पहिल्या थांबण्याचा करावयाचा नसून दहाव्या आणि विसाव्या थांबण्याचा करावयाचा आहे.

१९५३ च्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीने हा भेद प्रत्यक्षात दाखवून दिला. त्या वर्षी विजयी ठरलेल्या जॅग्वार सी-टाइप गाडीस डनलॉपचे तबकडी-ब्रेक होते. ढोल-ब्रेकमध्ये उष्णता आतल्या आत कोंडते, ढोल प्रसरण पावून पट्ट्यांपासून दूर सरकतो आणि पेडल खोल जाऊ लागते. उघड्या तबकडीला वारा लागतो आणि तिचे प्रसरण पॅडच्या दिशेनेच होते. सी-टाइपचा लाभ एखाद्या थांबण्यात नव्हता, तर तेच थांबणे तासन् तास पुन:पुन्हा करता येण्यात होता. दोन वर्षांनी त्याच शर्यतीत मर्सिडीझने ढोल-ब्रेक कायम ठेवून चालकाच्या पाठीमागे उभारता येणारी मोठी हवाई झडप बसविली, तीही ब्रेकवरील उष्णतेचा भार हलका करण्यासाठीच.

आता आकडे घेऊ. १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी १८० किलोमीटरवरून ताशी ७२ किलोमीटरवर, म्हणजे सेकंदास ५० मीटरवरून २० मीटरवर, आणावयाची आहे. गतिज ऊर्जेतील घट १२.६ लक्ष ज्यूल होते. मंदन गुरुत्वत्वरणाच्या नवदशांश धरल्यास हे सारे ३.४ सेकंदांत घडते; म्हणजे त्या अवधीत ब्रेक सरासरी ३७० किलोवॅट शक्ती शोषतात. अशा गाडीचे इंजिन ७५ किलोवॅटचे असेल, तर ब्रेक त्याच्या पाचपट काम करीत आहेत. मंदनाच्या वेळी भार पुढील चाकांवर येत असल्याने सुमारे ७० टक्के ऊर्जा पुढील दोन तबकड्यांत जाते. प्रत्येकीच्या वाट्याला ४.४ लक्ष ज्यूल येतात. तबकडी सहा किलोग्रॅमची आणि बीडाची विशिष्ट उष्णता ४८० ज्यूल धरली, तर एकाच ब्रेकमध्ये तिचे तापमान सुमारे १५० अंश सेल्सिअसने चढते. शहरात ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबताना याच्या जेमतेम सातवा-आठवा हिस्सा ऊर्जा मुक्त होते.

घाटाशी तुलना आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटर उंची कमी होते. याच गाडीची स्थितिज ऊर्जा त्यात ५९ लक्ष ज्यूलने घटते, म्हणजे वरील एका ब्रेकच्या जवळजवळ पाचपट. परंतु ती पंधरा मिनिटांत विभागली जाते आणि सरासरी शक्ती साडेसहा किलोवॅट भरते. शिवाय खालच्या गिअरात इंजिन आणि हवेचा रोध तिचा बराच भाग उचलतात. शर्यतपथावर दोन मिनिटांच्या एका फेरीत असे तीन ब्रेक धरले, तर सरासरी ३१ किलोवॅट होते. घाटात न तापलेले ब्रेक शर्यतपथावर का शिणतात, याचे कारण ऊर्जेच्या राशीत नसून तिच्या दरात आहे.

येथे प्रश्नाच्या गाभ्याशी आपण येतो. दोन ब्रेकच्या दरम्यानच्या ४० सेकंदांत तबकडी हवेहून जितकी अधिक तापली असेल त्याच्या चतुर्थांश उष्णता गमावते, असे समजू. पहिल्या ब्रेकनंतर ती हवेहून १५० अंश वर असेल, दुसऱ्यानंतर २६२, तिसऱ्यानंतर ३४७, पाचव्यानंतर ४५८. आणि ही भूमितीश्रेणी ६०० अंशांवर स्थिरावेल. आता सहाऐवजी आठ किलोग्रॅमची तबकडी बसवू, परंतु तिचा पृष्ठभाग आणि वाऱ्याचा झोत तेवढाच ठेवू. प्रत्येक ब्रेकमधील चढ १५० वरून ११२ अंशांवर येतो खरा. पण जड तबकडी निवतेही त्याच प्रमाणात सावकाश, आणि स्थिर अवस्थेतील कमाल तापमान हवेहून ५८० अंश वर राहते. एवढा खर्च करून वीस अंश हाती लागले! याउलट मूळचीच तबकडी ठेवून तिच्या मध्यभागाकडे नळीने वारा आणला, आणि तिचे निवणे चतुर्थांशावरून तृतीयांशावर गेले, तर कमाल तापमान ४५० अंशांवर उतरते. वस्तुमान केवळ चढउतार मवाळ करते. सरासरी तापमान ठरते ते पृष्ठभाग आणि वारा यांवरून. मोठ्या तबकडीचा पृष्ठभागही अधिक असतो आणि पोकळ तबकडीत तर आतील पंख्यासारखी रचना वारा खेचते. म्हणून बाजारातील मोठे संच निरुपयोगी आहेत, असे मुळीच नव्हे. परंतु त्यांच्या गुणाचे श्रेय बहुधा चुकीच्या कारणाला दिले जाते.

वस्तुमानाची बाजूही नोंदविली पाहिजे. पाचव्या ब्रेकनंतर हलकी तबकडी ४५८ अंशांवर पोहोचते तेव्हा जड तबकडी ३८३ वरच असते. ज्याला दोनच वेगवान फेऱ्या करून बाहेर यावयाचे आहे, त्याला जड तबकडीचा खरा उपयोग आहे. वीस मिनिटे सलग फिरणाऱ्याला फारसा नाही. (उच्च तापमानाला उत्सर्जनाने जाणारी उष्णता वरील हिशेबात धरलेली नाही, ती धरल्यास सर्वच आकडे काहीसे खाली येतील, त्यांचा परस्परसंबंध मात्र फारसा बदलणार नाही.)

ब्रेक शिणला म्हणजे नेमके काय झाले, हे ओळखल्याशिवाय उपाय योजणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. दोन विकार अगदी भिन्न आहेत. पेडल घट्ट लागते, पण पायाने कितीही जोर केला तरी गाडी आवरत नाही, अशा वेळी पॅड त्यांच्या तापमानमर्यादेपलीकडे गेलेले असतात. त्यांतील राळ विघटित होऊन घर्षणगुणांक घसरतो. उलट पेडल मऊ होऊन तळाला टेकते, तेव्हा द्रव उकळून त्यात बाष्प झालेले असते. द्रव दबत नाही, बाष्प दबते. पायाचा सारा प्रवास बुडबुडे दाबण्यात खर्ची पडतो. हा दुसरा विकार अधिक भयंकर, कारण तो बहुधा पूर्वसूचनेशिवाय आणि सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी प्रकट होतो.

या द्रवाला आपल्याकडे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, तरी ते तेल नव्हेच. खनिज तेल त्यात चुकून पडले तर रबरी वायसर फुगून यंत्रणा निकामी होते. नित्याचा द्रव ग्लायकॉल-ईथर जातीचा असून हवेतील ओलावा शोषतो. डॉट ४ वर्गाच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर मात्र त्याच प्रमाणकानुसार तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. कोकणातील दोन पावसाळे काढलेला द्रव घेऊन शर्यतपथावर उतरणाऱ्याने मोठ्या कॅलिपरची चौकशी करणे, हे माझ्या मते क्रमाच्या दृष्टीने विपरीत आहे. ताजा, उच्च उत्कलनबिंदूचा द्रव भरून नळ्यांतील एअर नीट काढून घेणे, याला सर्वांत कमी खर्च येतो आणि सर्वांत गंभीर धोका त्याने टळतो.

त्यानंतर पॅड. रस्त्यासाठी बनविलेले पॅड पहिल्या थंड स्पर्शालाच पकडावेत, आवाज करू नयेत आणि तबकडी झिजवू नयेत, अशा अपेक्षेने तयार होतात; पाचशे-सहाशे अंशांवर टिकणे हा त्यांचा धर्म नव्हे. पथासाठीचे पॅड ते तापमान सोसतात. नवे पॅड क्रमाक्रमाने तापवून बसवून घ्यावे लागतात; अन्यथा त्यांतून प्रथमच निघणारा वायू पॅड आणि तबकडी यांच्यामध्ये थर धरतो. ‘तबकडी वाकली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तीत पुष्कळदा तबकडी सरळच असते आणि तिच्यावर पॅडचे द्रव्य असमान चिकटलेले असते. तापलेले ब्रेक घेऊन गाडी थांबवावयाची आणि वर हँडब्रेक ओढून ठेवावयाचा, या सवयीने तसे घडते. शेवटची फेरी सावकाश करणे याला कवडीचाही खर्च नाही.

हे सर्व करूनही, तबकडीवर तापदर्शक रंग लावून मोजणी केली असता तापमान पॅडच्या मर्यादेपलीकडे जात असेल, पॅड एका दिवसात तिरके झिजून संपत असतील किंवा तबकडीला कडेपर्यंत पोहोचणाऱ्या भेगा पडत असतील, तर मोठा संच घेणे न्याय्य ठरते. जड आणि शक्तिमान गाड्यांत हे लवकर घडते : १८०० किलोग्रॅमची गाडी ताशी २२० किलोमीटरवरून ७२ वर आणताना ३० लक्ष ज्यूल बाहेर पडतात, आपल्या पहिल्या उदाहरणाच्या सुमारे अडीचपट. मात्र कॅलिपरमधील पिस्टनांचे एकूण क्षेत्र बदलले की पेडलचा प्रवास आणि पुढील-मागील चाकांतील बलविभागणी दोन्ही बदलतात. केवळ पुढचे ब्रेक वाढविले तर मागच्यांचा वाटा घटतो, पुढची चाके लवकर जाम होतात आणि मोठ्या ब्रेकची गाडी उशिरा थांबते. तबकडीला आरपार भोके पाडलेले संच दिसावयास आकर्षक. पण भोकांच्या कडा हीच भेगांची जन्मस्थाने होत. मी तरी साधी किंवा फार तर खाचांची पोकळ तबकडी पसंत करीन.

परतीच्या वाटेचा विचारही आधीच करावा. पथासाठीचे कडक पॅड थंड असताना सुस्त असतात, आणि सकाळी गल्लीच्या तोंडाशी पहिल्यांदा पेडल दाबले जाते तेव्हा ते थंडच असतात. ज्याला एकाच गाडीने पथावर जावयाचे आणि तीच गाडी दुसऱ्या दिवशी कामावर न्यावयाची आहे, त्याने पॅडचे दोन जोड ठेवावेत आणि पथावरील जोड तेथेच, चाके निवल्यावर, बदलून घरी निघावे.