शेवट बदलला आणि चित्रपट सावरला

सेन्सॉरने कात्री लावली की कलाकृतीचं वाटोळं होतं, असं आपण धरूनच चालतो. दुसऱ्या महायुद्धानंतरचा पहिला जर्मन कथापट ‘खुनी आपल्यातच आहेत’ याला मात्र हा नियम लागू पडत नाही. दिग्दर्शक वोल्फगांग श्टाउटे पटकथा घेऊन आधी पाश्चात्त्य दोस्तांच्या अधिकाऱ्यांकडे गेला. जर्मनांनी इतक्यात चित्रपट काढायचे नाहीत, असं अमेरिकनांनी त्याला सुनावलं. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर : शेवट बदलायचा. मूळ कथेत नायक युद्धगुन्हेगाराला गोळी घालून ठार मारत होता. पटकथेचं पहिलं नावही ‘ज्याला मी ठार मारणार तो माणूस’ अशा अर्थाचं होतं. उद्ध्वस्त बर्लिनमध्ये जो तो आपापला हिशेब चुकता करत सुटेल, ही अधिकाऱ्यांची धास्ती होती. श्टाउटेने अट मानली आणि १५ ऑक्टोबर १९४६ रोजी, न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, चित्रपट बर्लिनच्या सोव्हिएत विभागात झळकला. निर्मिती होती त्याच वर्षी मे महिन्यात स्थापन झालेल्या ‘डेफा’ या चित्रपटसंस्थेची.

कथा साधी आहे. छळछावणीतून सुटलेली सुझाने आपल्या घरी परतते, तर तिथे युद्धावरून आलेला डॉक्टर मेर्टेन्स दारू पीत पडलेला. खिडक्यांच्या फुटक्या तावदानांच्या जागी एक्स-रेच्या फिल्मा लावल्या आहेत. बाहेरचा उजेड माणसांच्या बरगड्यांमधून खोलीत येतो. मेर्टेन्सचा वरिष्ठ कॅप्टन ब्रुकनर मात्र मजेत आहे. सैनिकांच्या पोलादी शिरस्त्राणांपासून तो पातेली बनवतो. घर, बायको, मुलं, सगळं शाबूत. १९४२च्या नाताळात पोलंडमधल्या एका गावात याच माणसाच्या हुकमाने ३६ पुरुष, ५४ बायका आणि ३१ मुलं मारली गेली, आणि किती काडतुसं खर्ची पडली त्याचीही नोंद झाली. मेर्टेन्सने हुकूम मागे घ्यायची विनवणी केली होती; ती ऐकली गेली नाही. हा ब्रुकनर राक्षसासारखा दिसत नाही, गोलमटोल आणि गप्पिष्ट आहे. चित्रपटाची खरी ताकद मला या एका पात्रात दिसते.

आता शेवट. नाताळच्या संध्याकाळी मेर्टेन्स पिस्तूल रोखतो, तेवढ्यात सुझाने पोहोचते आणि त्याला अडवते. न्याय करणं आपलं काम नाही, पण आरोप ठेवणं आहे, या निष्कर्षावर दोघं येतात. हा सरकारी उपदेश आहे, हा आक्षेप अगदीच गैर नाही. संवाद भाषणबाज आहेतच. पण मूळ शेवट राहिला असता तर काय झालं असतं? एक गोळी सुटली असती, मेर्टेन्सच्या मनावरचं ओझं उतरलं असतं आणि प्रेक्षक मोकळ्या मनाने घरी गेले असते. बदललेल्या शेवटात गजांआडचा ब्रुकनर आपण निर्दोष असल्याचा आक्रोश करत राहतो. प्रकरण मिटत नाही. गुन्हा दोन माणसांच्या भांडणातून बाहेर पडून साऱ्या समाजापुढे येतो, आणि शीर्षकातल्या ‘आपल्यातच’ या शब्दाला तेव्हाच वजन येतं. अधिकाऱ्यांचा हेतू वेगळा असेल. परिणाम चांगला झाला एवढं खरं.

पुढच्या काळातल्या समीक्षकांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच जागेवर, आणि तिथे चित्रपटाचा बचाव अवघड आहे. हिल्डेगार्ड क्नेफची सुझाने छावणीतून येते ती नितळ चेहऱ्याने, जणू सुट्टीवरून परतली आहे. तिच्या वाट्याला काय आलं हे कुणी विचारत नाही. उलट तीच घर झाडते आणि मेर्टेन्सच्या जखमेवर फुंकर घालते. जिने सोसलं तिने हुकूम पाळणाऱ्या फौजेतल्या माणसाला सावरायचं! ज्यूंच्या संहाराचं तर सरळ नावही येत नाही. ब्रुकनरच्या न्याहारीला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रातला लाखो माणसं वायूने मारल्याचा मथळा दिसतो, तेवढाच. १९४६च्या जर्मन प्रेक्षकाला याहून जास्त पेललं नसतं, असं यावर म्हटलं जातं. मला हे पटत नाही. पोलंडमधल्या मेलेल्यांचा आकडा जो चित्रपट प्रेक्षकासमोर ठेवू शकतो, त्याला जिवंत परतलेल्या बाईला चार वाक्यं देणं जड नव्हतं.

आणखी एक आक्षेप चित्रपट काढणाऱ्या माणसांवर आहे. श्टाउटेने नाझी काळातल्या ‘यूड झ्यूस’ या ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटात छोटी भूमिका केली होती. छायालेखक फ्रिड्ल बेन-ग्रुंड याने दुर्धर रुग्णांच्या हत्येला सहानुभूती मिळवून देणारा ‘मी आरोप करतो’ चित्रित केला होता. अशांनी इतरांना आरसा दाखवावा का? दाखवावा, असंच माझं मत आहे. स्वच्छ हातांची वाट पाहिली असती तर त्या देशात कॅमेरा कुणी उचललाच नसता. शिवाय श्टाउटे एका चित्रपटावर थांबला नाही. १९५१चा त्याचा ‘डेर उंटरटान’ पश्चिम जर्मनीने काही वर्षं अडवून धरला. पुढे तिथेच स्थायिक होऊन १९५९मध्ये त्याने ‘सरकारी वकिलासाठी गुलाब’ काढला. त्यात नाझी लष्करी न्यायालयात मृत्युदंड मागणारा वकील नव्या लोकशाहीत पुन्हा सरकारी वकिलाच्या खुर्चीत बसलेला आहे. आपल्याच घरट्यात घाण करणारा, अशी शिवी त्याला तिथे ऐकावी लागली.