खाडाखोडीची नोंद ठेवणारी राज्यघटना

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या पानावर, सह्यांच्या डाव्या अंगाला, बारीक अक्षरांत एक मजकूर आहे. तो कुठल्याही कलमाचा भाग नाही. पहिल्या पानावर कोणत्या दोन ओळींच्या मध्ये एक सुटलेला शब्द नंतर घातला, कोणत्या ओळीतला ‘तीस’ हा शब्द खरवडलेल्या जागेवर लिहिला, याची ती नोंद आहे. खाली सचिवाची साक्ष.

हे अक्षर जेकब शॅलसचे. तो पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातला सहायक कारकून. 15 सप्टेंबर 1787 च्या शनिवारी फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेत मसुदा पक्का झाला आणि सोमवारी सह्यांसाठी चार मोठी चर्मपत्रे तयार हवी होती. सुमारे साडेचार हजार शब्द टाकाने, सुबक वळणात लिहायचे होते. मेहनताना 30 डॉलर.

त्या ‘तीस’ची गोष्ट सांगायलाच हवी. दर 40 हजार लोकांमागे फार तर एक प्रतिनिधी, असे ठरले होते. सह्यांच्या दिवशी कोणीतरी सुचवले की हा आकडा 30 हजार करावा, म्हणजे लोकांचे प्रतिनिधी वाढतील. तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेले जॉर्ज वॉशिंग्टन उठले. जवळजवळ चार महिने त्यांनी चर्चेत भाग घेतला नव्हता; या दुरुस्तीच्या बाजूने मात्र ते बोलले. ती एकमताने मंजूर झाली आणि शाई वाळलेला शब्द खरवडला गेला.

दुरुस्तीला वाट ठेवण्याची गरज घटना लिहिणाऱ्या माणसांना अनुभवातून कळली होती. 1781 पासून 13 राज्ये ज्या करारावर चालत होती, त्यात काहीही बदलायचे तर तेराही राज्यांची संमती लागे. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. राज्यांकडे नुसते मागता येत होते. आयातीवर 5 टक्के जकात घेऊ द्या, या मागणीला 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि विषय संपला. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांनी पिचलेले शेतकरी, त्यांत स्वातंत्र्ययुद्धातले जुने सैनिकही, डॅनिएल शेजच्या नेतृत्वाखाली उठले. त्यांनी न्यायालये बंद पाडली, जमिनींची जप्ती अडवली. हे बंड मोडायला काँग्रेसकडे पैसा नव्हता. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली.

1787 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींच्या मनात हेच घोळत होते. एकूण 55 जण येऊन गेले, शेवटी सह्या केल्या 39 जणांनी. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. बाहेर शब्द जाऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या बंद. 36 वर्षांचा जेम्स मॅडिसन पुढे बसून रोज टिपणे काढी. ती छापली गेली 1840 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

या सभागृहाचा मुख्य विचार होता सत्तेवरच्या अविश्वासाचा. राजाच्या मर्जीची झळ त्यांनी सोसली होती, म्हणून कोणा एकाच्या चांगुलपणावर विसंबायचे नाही हे पक्के होते. कायदा काँग्रेस करील, पण राष्ट्राध्यक्ष तो परत पाठवू शकेल. दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश मतांनी काँग्रेस त्याचा नकार मोडू शकेल. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमील, पण सिनेटच्या संमतीने. ही रचना कशी चालते हे 1974 मध्ये दिसले. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी आपल्या संभाषणांच्या ध्वनिफिती न्यायालयाला द्याव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 0 मतांनी दिला. त्या आठांतले तिघे निक्सन यांनीच नेमलेले होते. सोळाव्या दिवशी निक्सन पायउतार झाले.

पण याच माणसांनी एक मोठा अन्यायही पदरात घेतला. दक्षिणेतल्या राज्यांना सोबत ठेवण्यासाठी प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब मान्य झाला. गुलामांना मत नव्हते. त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जागा मात्र जास्त मिळाल्या. ‘गुलाम’ हा शब्द मजकुरात कुठेही येऊ दिला नाही. बाहेरून गुलाम आणण्यावर 1808 पर्यंत काँग्रेसने बंदी घालायची नाही, असे ठरले आणि तोवर त्या कलमाला घटनादुरुस्तीनेही हात लावता येणार नाही, अशी तजवीज झाली. दुरुस्तीचे दार उघडे ठेवणाऱ्यांनी नेमके हेच दार लावून घेतले, हे विसरता येत नाही. पुढे यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली, तेव्हा 1865 मध्ये तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामी संपली. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केले. पुण्यातल्या माणसाला ती मुक्ती इतकी जवळची वाटली होती.

दुरुस्तीची वाट घटनेच्या पाचव्या कलमात आहे. दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश मतांनी प्रस्ताव आणि तीन-चतुर्थांश राज्यांची मान्यता, हा तिचा रुळलेला मार्ग. नागरिकांच्या हक्कांची सनद मूळ मजकुरात नव्हती. ती याच वाटेने 1791 मध्ये आली. आजवर अशा 27 दुरुस्त्या झाल्या. शेवटची दुरुस्ती मॅडिसनचीच, 1789 मधली: खासदारांनी वाढवलेला स्वतःचा पगार पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा. पुरेशी राज्ये न मिळाल्याने ती पडून राहिली. 1982 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने निबंधात दाखवून दिले की तिला मुदत घातलेलीच नाही, ती अजूनही मंजूर होऊ शकते. निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली. वॉटसनने राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रे लिहायला घेतली. मे 1992 मध्ये, 202 वर्षांनी, दुरुस्ती मंजूर झाली. 2017 मध्ये विद्यापीठाने त्याची श्रेणी बदलून ‘ए’ केली.