पारसनीस
महाराष्ट्रात क्वचित आढळणारे एक पदवाचक आडनाव. ‘पारसनवीस’ या शब्दाचे हे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ फार्सी लेखक असा होतो. ‘नवीस’ हे फार्सीत ‘लिहिणारा’ या अर्थाचे उत्तरपद आहे. मराठीत त्याचे ‘नीस’ झाले व त्यापासून फडणीस, पोतनीस, जमेनीस इ. आडनावे रूढ झाली. मोगल दरबार, निजाम इत्यादींशी होणारा फार्सी पत्रव्यवहार वाचणे, त्याचा आशय सांगणे व उत्तरे लिहिणे, हे पारसनिसाचे काम होय. छ. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश रचवून फार्सी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. तथापि परराज्यांशी व्यवहारासाठी फार्सीज्ञ लेखकाची गरज टिकून राहिली. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या न्यायालयांतील फार्सीची सक्ती उठविण्याचा मार्ग मोकळा झाला. पद लोपले, तरी आनुवंशिक वहिवाटीमुळे नाव कुटुंबांकडे राहिले.

जनगणनेच्या प्रकाशित कोष्टकांत आडनावनिहाय वर्गवारी नसते. त्यामुळे या आडनावाच्या कुटुंबांची अधिकृत संख्या उपलब्ध नाही. शिवाय एकच पद निरनिराळ्या दरबारांत निरनिराळ्या घराण्यांकडे असू शके. म्हणून केवळ समान आडनावावरून समान कूळ वा गोत्र ठरविणे सयुक्तिक नाही. ‘इतिहाससंग्रह’ या नियतकालिकाचे संपादक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांच्यामुळे हे आडनाव इतिहाससंशोधनाच्या क्षेत्रात सुपरिचित झाले.