जुने मोजणी-नकाशे आणि आपले शिवार

आमची सारी हयात महसुलाच्या दप्तरात गेली. बांधाचे व वाटेचे तंटे पुष्कळ पाहिले. बहुतेकांत उभय पक्ष आजा-पणजाच्या तोंडचा पुरावा देत, जुना नकाशा क्वचितच कोणी पुढे आणी. उमापूरकडील खातेदार बंधूंस त्याची ओळख व्हावी म्हणून हा लेख.

भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एका इंचास एक मैल या प्रमाणाचे असत. उमापूरचा मुलूख ४७-एम या भागात येतो. त्याचे सोळा तुकडे असून एकेकात सुमारे सोळा मैल रुंद व सतरा मैल लांब प्रदेश मावतो. पुढे दशमान पद्धतीबरोबर १:५०,००० हे प्रमाण आले. जुना व नवा तुकडा शेजारी ठेवून पाहावे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले. त्यापूर्वीच्या तुकड्यावर नाथसागर नाही व उजवा कालवाही नाही.

नकाशात निळी रेघ बारमाही पाण्याची, काळी कोरड्या ओढ्याची. तपकिरी रेघा सारख्या उंचीच्या होत. त्या चढाच्या बाजूस टोकदार वळल्या की तेथे घळ समजावी. घळ नांगरून सपाट केली तरी अतिवृष्टीचे पाणी जुनी वाट सोडीत नाही. अशा जागी विहिरीचा कठडा किंवा गोठा बांधणाऱ्याने आधी नकाशा पाहिलेला बरा. ओसाड गावाची खूणही नकाशात निराळी असते. दप्तरात अशा गावास ‘बेचिराख’ म्हणत. जागेवर पांढरी माती व खापरे सापडतात; ती पांढर खत म्हणून शेतात ओढून नेल्याने कित्येक ठिकाणी आता खूण म्हणून नकाशाच तेवढा उरला आहे.

मात्र या नकाशात सर्व्हे नंबर नसतात. शिवाय इंचाचा शंभरावा भाग म्हणजे जमिनीवर जवळजवळ त्रेपन्न फूट! त्यावरून हातभर बांधाचा निवाडा मागणे व्यर्थ होय. हद्दीसाठी गावनकाशा व टिपण, आणि कब्जासाठी आपल्या मराठवाड्यात १९५४-५५ची खासरा पाहणी, हीच पाहावी लागतात. वाट पूर्वी होती एवढे मात्र जुना तुकडा स्पष्ट सांगतो.

एका गृहस्थांनी असा तुकडा मोठ्या खटपटीने मिळविला. गाडीवाट त्यात ठळक होती. परंतु शेजाऱ्याने वाट अडविल्यास आठ महिने लोटले होते, आणि १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. नकाशा हाती घेऊन त्यांस दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागली.